पन्हळीतील नदी

पावसाची जोरदार सर ओसरली की अंगणातून, रस्त्याच्या कडेने आणि शेताच्या बांधावरून पाण्याचे लहान लहान ओहोळ धावू लागतात. मुले त्यांत कागदाच्या होड्या सोडतात, चिखलाचे बांध घालतात आणि बांध फुटला म्हणजे आनंदाने टाळ्या पिटतात. मोठी माणसे हे पाहून हसतात आणि पोरखेळ म्हणून सोडून देतात. परंतु त्याच ओहोळाकडे थोडे लक्ष देऊन पाहिले, तर मोठ्या नदीचा सारा संसार तेथे मांडलेला दिसतो. वळणावर पाणी बाहेरचा काठ पोखरते आणि आतल्या काठाशी वाळूची चिमुकली पुळण सोडून जाते. उतार संपला की ते आपले ओझे खाली ठेवते आणि गाळ पंख्यासारखा पसरतो. बोटभर रुंदीच्या त्या प्रवाहाला नदीचे बहुतेक गुण आलेले असतात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, बर्कली येथील विद्यापीठाच्या आवारात, साठी ओलांडलेल्या एका शास्त्रज्ञाने १९०७ ते १९०९ या काळात असाच एक खेळ मांडला होता. त्याची नदी लाकडाच्या पन्हळीतून वाहत असे आणि तिच्यातील वाळू तराजूत तोलली जात असे. या शास्त्रज्ञाचे नाव ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट. त्याच्या या खेळामागे मात्र मौजेचा हेतू नव्हता. गाळाखाली गेलेली शेते, बंद पडलेला एक मोठा उद्योग आणि पुराच्या भीतीत दिवस कंठणारी गावे त्यामागे उभी होती.

ती हकीगत अर्धशतक मागे जाते. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि देशोदेशींचे लोक तिकडे धावले. नदीच्या वाळूतील सोने पहिल्या काही वर्षांतच वेचून संपत आले. पण सिएरा नेवाडा पर्वताच्या उतारावर प्राचीन नद्यांनी टाकलेले गोट्यांचे आणि रेतीचे प्रचंड थर होते आणि त्यांत सोन्याचे कण विखुरलेले होते. कुदळीने एवढे डोंगर कोण खोदणार? तेव्हा १८५३ च्या सुमारास एक नवी युक्ती निघाली. उंचावरून आणलेले पाणी लोखंडी तोटीतून प्रचंड जोराने डोंगरावर सोडायचे. त्या धारेच्या माऱ्याने कडेच्या कडे ढासळत. तो सारा राडा लांबच लांब लाकडी पन्हळींतून वाहून नेला जाई. सोने जड असल्यामुळे ते तळाशी बसे. त्याला धरून ठेवण्यासाठी पन्हळीत पारा घातलेला असे. उरलेली माती, वाळू आणि गोटे सरळ जवळच्या घळीत लोटून दिले जात.

घळीतून हा गाळ यूबा, बेअर इत्यादी नद्यांत उतरला. डोंगरात असेपर्यंत नदी तो कसाबसा पुढे ढकलीत होती. सपाटीवर येताच तिचे बळ कमी पडले. नदीचा तळ वर्षानुवर्षे चढत गेला, पाणी काठाबाहेर पसरू लागले आणि त्याबरोबर आलेल्या वाळूने गव्हाची शेते व फळांच्या बागा गाडून टाकल्या. मेरिसव्हिल हे गाव यूबा नदीच्या काठी वसलेले आहे. तेथील लोकांनी गावाभोवती तटबंध घातले. तळ चढला की ते तटबंध उंच करीत. असे करता करता नदीचा तळच गावातील रस्त्यांपेक्षा उंच झाला. १८७५ साली पुराने तटबंध फोडला आणि गाव पाण्यात व चिखलात बुडाले.

शेतकरी आणि खाणमालक यांचे वितुष्ट अखेर न्यायालयात गेले. न्यायाधीश लोरेन्झो सॉयर यांनी ७ जानेवारी १८८४ रोजी निकाल दिला आणि खाणींतील राडा नद्यांत सोडण्यास मनाई केली. त्या निकालाने शेतकऱ्यांना दिलासा मिळाला आणि खाणी ओस पडू लागल्या. पण निकाल कागदावर लिहिला म्हणून नदीतील वाळू काही नाहीशी होणार नव्हती. ती तिथेच होती आणि प्रत्येक पुराबरोबर पुढे सरकत होती. इकडे खाणमालकांना आपला धंदा पुन्हा सुरू व्हावा असे वाटत होते. गाळ किती पडला, तो किती काळ वाहत राहील, आणखी गाळ सोडला तर काय होईल, हे प्रश्न दोन्ही पक्षांच्या तोंडी होते. उत्तर मात्र कोणाहीपाशी नव्हते. या प्रश्नांचा शास्त्रीय शोध घेण्याचे काम अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण विभागाने हाती घेतले आणि १९०५ साली ते गिल्बर्ट यांच्याकडे सोपवले.

गिल्बर्ट यांचा जन्म १८४३ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे झाला. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. शिक्षण संपल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी करून पाहिली. परंतु वर्गातील दंगेखोर मुलांना आवरणे या शांत स्वभावाच्या तरुणाला जमले नाही आणि त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे कोहोज या गावी मोहॉक नदीच्या काठी, खडकातील एका रांजणखळग्यात मॅस्टोडॉन नावाच्या प्राचीन हत्तीसारख्या प्राण्याचा सांगाडा सापडला, तेव्हा त्या कामावर ते गेले. हत्तीचे काम करता करता त्यांचे मन रांजणखळग्यांनीच अधिक वेधून घेतले. मऊ वाटणारे पाणी कठीण खडकाला रांजणाएवढा खड्डा पाडते तरी कसे? पाणी नुसते नव्हे, तर त्याने फिरवलेले गोटे व वाळू हे काम करतात, हे त्यांनी पाहिले. नदीच्या हातातील हत्यार म्हणजे तिने वाहून आणलेला गाळ होय.

पुढे १८७५ आणि १८७६ साली यूटा प्रांतातील हेन्री पर्वताच्या वैराण मुलखात ते खेचरांवर सामान लादून हिंडले. त्या प्रवासाचा अहवाल १८७७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी नदीविषयी एक विचार मांडला होता. पाण्याला जेवढे ओझे वाहायचे असते, तेवढ्याला पुरेल असा उतार नदी स्वतःच घडवते, असा त्याचा आशय होता. ओझे फार झाले तर ती काही भाग तळाशी टाकून उतार वाढवते. ओझे थोडे असले तर ती तळ खरवडून उतार कमी करते. विचार सुंदर होता, पण तो डोळ्यांनी पाहिलेल्या मुलखावरून आणि तर्काने बांधलेला होता. तो मोजून पाहण्याची संधी त्यांना तीस वर्षांनी, उतारवयात लाभली.

मोजायचे कोठे, हा पहिला प्रश्न होता. भर पुरात नदीच्या तळाशी वाळू कशी चालते, हे काठावर उभे राहून दिसत नाही. पाणी गढूळ असते. त्याची खोली, वेग आणि उतार ही सारी एकाच वेळी बदलत असतात. यांपैकी कोणत्या गोष्टीमुळे काय घडले, हे सांगणे तेथे अशक्य होते. म्हणून गिल्बर्ट यांनी नदी प्रयोगशाळेत आणण्याचे ठरवले. तेथे पाण्याचे प्रमाण त्यांच्या हाती राहणार होते आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून इतर सर्व तशाच ठेवता येणार होत्या. या कामाची तयारी मनात घोळत असतानाच, १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सान फ्रान्सिस्कोचा विख्यात भूकंप झाला. गिल्बर्ट त्या वेळी बर्कलीतच होते. धक्क्याने जागे होताच त्यांचे कुतूहलही जागे झाले, आणि काही काळ ते भूकंपाच्या अभ्यासात गुंतले. त्यानंतर ते आपल्या वाळूकडे वळले.

त्यांची मुख्य पन्हळ सुमारे ३० फूट लांब आणि जेमतेम २ फूट रुंद होती. आणखी एक पन्हळ १५० फूट लांबीची होती. नदीतून आणलेली रेती चाळण्यांनी चाळून तिचे आठ प्रकार वेगळे केले होते आणि प्रत्येकाला एकेक अक्षर दिले होते. सर्वांत बारीक कण मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढा होता, तर सर्वांत जाड कण ७ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ हरभऱ्याएवढा होता. एडवर्ड चार्ल्स मर्फी हे अभियंते या कामी त्यांचे साहाय्यक होते.

प्रयोगाची रीत अशी असे. पन्हळीच्या वरच्या टोकाकडून ठरावीक मापाचे पाणी सोडायचे आणि त्यात ठरावीक गतीने वाळू टाकीत राहायचे. खालच्या टोकाला एक हौद असे. तेथे पाणी संथ होई आणि वाळू तळाशी बसे. ती वाळू काढून तोलली जाई. आरंभी पाण्याला टाकलेली सर्व वाळू वाहून नेता येत नसे. काही वाळू वरच्या बाजूसच साचे. ती साचल्यामुळे तळाचा उतार वाढे, उतार वाढल्यामुळे पाण्याचा वेग वाढे आणि मग ते अधिक वाळू नेऊ लागे. असे होता होता अशी एक वेळ येई की, वरून जेवढी वाळू पडे तेवढीच खाली बाहेर पडे. त्यानंतर तळ चढतही नसे आणि खालावतही नसे. पाण्याने आपला उतार आपणच बांधून घेतलेला असे. मग तो उतार मोजायचा, वहीत टिपायचा आणि वाळूचा किंवा पाण्याचा आकडा बदलून नवा प्रयोग सुरू करायचा. असे शेकडो प्रयोग झाले.

हेन्री पर्वतातील जुना विचार येथे तराजूने खरा ठरला. यूबा नदीचा तळ का चढला, याचेही उत्तर त्यात होते. माणसांनी नदीच्या डोक्यावर तिच्या शक्तीबाहेरचे ओझे दिले. ते वाहून नेण्यासाठी तिला अधिक उतार हवा होता. तो मिळवण्याचा नदीपाशी एकच मार्ग होता. वाळू टाकून वरच्या बाजूचा तळ उंच करणे, हाच तो मार्ग. मेरिसव्हिलच्या लोकांना जी नदीची लहर वाटत होती, ती वास्तविक तिची निरुपायाची कृती होती.

पन्हळीच्या बाजूला काचा बसवून गिल्बर्ट यांनी वाळूची चालही जवळून पाहिली. पाणी हळूहळू वाहत असते तेव्हा तळाची वाळू स्वस्थ पडलेली असते. वेग वाढत एका मर्यादेपर्यंत पोचला की येथे एक कण हलतो, तेथे एक कण कलंडतो आणि पाहता पाहता सारा पृष्ठभाग जागा होतो. कण घसरत किंवा गडगडत जात असतील, अशी सामान्य समजूत असते. प्रत्यक्षात गडगडणे ही केवळ सुरुवात असते. बहुतेक प्रवास कण उड्या मारीत करतात. कण तळावरून उचलला जातो, पाण्याच्या ओघात थोडा पुढे फेकला जातो, खाली येतो आणि पुन्हा उडी घेतो. टोळांचा थवा जमिनीलगत उडत जावा, तसा वाळूचा हा पातळ थर तळालगत उडत जात असतो.

या कणांनी मिळून केलेली रचना आणखी नवलाची होती. मध्यम वेगाच्या पाण्याखाली वाळूच्या लहान टेकड्यांची रांग तयार होई. प्रत्येक टेकडीची वरच्या प्रवाहाकडील बाजू सौम्य चढणीची आणि खालची बाजू एकदम उतरती असे. कण चढण चढून माथ्यावर येत आणि पलीकडे कोसळून विसावत. मागची बाजू झिजे आणि पुढची वाढे. त्यामुळे सगळी टेकडीच हळूहळू प्रवाहाबरोबर पुढे चाले. पाण्याचा वेग वाढवला की या टेकड्या मोडून तळ गुळगुळीत होई. वेग आणखी वाढवला की पुन्हा टेकड्या उठत. पण या वेळी त्या उलट्या दिशेने, प्रवाहाविरुद्ध चालत! वाळूचा एकही कण मागे जात नसे. सर्व कण पाण्याबरोबर पुढेच धावत. परंतु टेकडीची पुढची बाजू झिजे आणि मागच्या बाजूवर नवे कण येऊन बसत. म्हणून टेकडी तेवढी मागे सरके. या उलट चालणाऱ्या टेकड्यांना गिल्बर्ट यांनी 'अँटिड्यून', म्हणजे प्रतिटेकडी, असे नाव दिले. शास्त्रात ते नाव आजही चालते.

आकड्यांनीही काही अनपेक्षित गोष्टी सांगितल्या. उतार दुप्पट केला की पाणी दुप्पट वाळू नेईल, असा सरळ हिशेब कोणीही करील. पन्हळीत वाळू दुपटीहून पुष्कळ अधिक गेली. पाणी तेवढेच ठेवून पन्हळ फार अरुंद केली तर कडांच्या घर्षणात त्याचे बळ वाया जाई. ती फार रुंद केली तर पाण्याचा थर पातळ होऊन त्याची शक्ती विखुरली जाई. या दोहोंच्या मध्ये कोठेतरी अशी रुंदी असे की तेथे पाणी सर्वाधिक वाळू वाही. सर्वांत चमत्कारिक गोष्ट मिश्रणाच्या प्रयोगांत आढळली. जाड रेतीत बारीक वाळू मिसळली, तर ओझे वाढल्यामुळे जाड कण मागे राहतील अशी अपेक्षा होती. घडले ते उलट. बारीक वाळू आल्यावर जाड कण पूर्वीपेक्षा अधिक संख्येने वाहू लागले. याचे कारण समजण्यास कठीण नाही. ओबडधोबड दगडांच्या फरसबंदीवर गोट्या खेळू पाहिल्या तर त्या फटींत अडकतात. त्याच फटी बारीक वाळूने भरल्या तर गोट्या दूरवर घरंगळत जातात. बारीक वाळूने तळाच्या फटी बुजवल्या होत्या आणि जाड कणांची वाट मोकळी केली होती.

काम चालू असतानाच गिल्बर्ट यांची प्रकृती ढासळली. काही काळ त्यांना प्रयोगांपासून दूर राहावे लागले आणि मर्फी यांनी ती धुरा वाहिली. बरे वाटू लागल्यावर गिल्बर्ट पुन्हा आकड्यांकडे वळले. १९१४ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाहत्या पाण्याने होणारे गाळाचे वहन हा त्याचा विषय होता.

या ग्रंथात त्यांच्या स्वभावाचे दर्शन घडते. पन्हळीत मिळालेला नियम जशाच्या तसा मोठ्या नदीला लावता यावा आणि खाणमालक व शेतकरी यांच्या वादाला एका सूत्राने उत्तर द्यावे, ही त्यांची मूळ आशा होती. एवढे श्रम केल्यावर ती पुरी झाली असे जाहीर करण्याचा मोह कोणालाही झाला असता. गिल्बर्ट यांनी तसे केले नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण शीत त्याच भाताचे असले पाहिजे. पन्हळ सरळ असते, नदी वळणे घेत जाते. पन्हळीत पाणी एकसारखे असते, नदीला कधी पूर तर कधी उन्हाळा. पन्हळीत वाळू चाळून टाकलेली असते, तर नदीत धुळीपासून धोंड्यापर्यंत सारे काही एकत्र असते. म्हणून आपली सूत्रे नदीला सरळ लावू नयेत, असा इशारा त्यांनी स्वतःच दिला. मात्र केलेल्या प्रयोगांचे सर्व आकडे त्यांनी तक्ते करून छापले. जे हाती आले ते सर्वांचे आहे, अशीच त्यांची वृत्ती होती.

सूत्राने काम भागत नाही असे दिसल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. डोंगरातील खाणींपासून समुद्रापर्यंत सगळी वाट त्यांनी तपासली. खाणींनी पाडलेले खड्डे मोजले, दऱ्यांत साचलेले ढीग मोजले आणि नद्यांच्या पातळीच्या जुन्या नोंदी पाहिल्या. १९१७ साली त्यांचा दुसरा ग्रंथ निघाला. पनामाचा कालवा खोदताना जेवढी माती व दगड हलवावे लागले, त्याच्या जवळजवळ आठपट गाळ या खाणींनी नद्यांत लोटला होता, असा त्यांचा हिशेब होता. हा गाळ एखाद्या संथ लाटेसारखा नदीतून सरकत होता. लाट येई तेव्हा तळ वर्षानुवर्षे चढे. लाट पुढे गेली की तो तसाच हळूहळू उतरे. पाण्याचा पूर काही दिवसांत ओसरतो. गाळाच्या पुराला मात्र माणसाचे आयुष्य पुरत नाही.

गाळाचा पाठलाग करीत गिल्बर्ट सान फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत पोचले. तेथे त्यांना एक नवीनच धोका दिसला. या उपसागराचे तोंड गोल्डन गेट या नावाने प्रसिद्ध आहे. भरती-ओहोटीचे प्रचंड पाणी या अरुंद तोंडातून आतबाहेर करते आणि बंदराची वाट झाडून मोकळी ठेवते. उपसागर गाळाने उथळ झाला तर आतबाहेर होणारे पाणी कमी होईल आणि बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा जहाजांना अडथळा करील, हे त्यांनी दाखवून दिले. आणि येथेच त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली. किनाऱ्यावरच्या दलदलींना बांध घालून शेती करणारे लोकही भरतीची जागा कमी करीत होते. नांगरलेली शेते, रस्ते आणि गुरांनी तुडवलेली कुरणे यांतूनही माती नद्यांत येत होती. खाणमालकांचा वाटा मोठा होता, पण तो एकमेव नव्हता. न्यायालयात वादी आणि प्रतिवादी असे दोन पक्ष असतात. नदीपुढे सर्वांच्या मातीची एकच रास होते.

गिल्बर्ट यांचे १ मे १९१८ रोजी निधन झाले. त्यांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला तेव्हा पाच दिवस उरले होते. त्यांनी पाहिलेला गाळ मात्र त्यांच्या हिशेबाहूनही चिवट निघाला. तो अडवण्यासाठी यूबा नदीवर बांधलेले एंगलब्राइट धरण १९४१ साली पुरे झाले. नंतरच्या संशोधकांना असे आढळले की, त्या गाळाचा फार मोठा भाग अजूनही दऱ्याखोऱ्यांत पडून आहे आणि मोठ्या पुरात थोडा थोडा खाली येत असतो. सोने धरण्यासाठी वापरलेला पाराही त्या गाळाबरोबर नद्यांत आणि उपसागरात पोचला आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका पिढीच्या घाईचे परिणाम आजची पिढी सोसत आहे.

गिल्बर्ट यांच्या प्रयोगांचे पुढे काय झाले? त्यांनी छापलेले तक्ते पुढील संशोधकांना शिदोरीसारखे उपयोगी पडले. थोर शास्त्रज्ञ आल्बर्ट आइनस्टाइन यांचे चिरंजीव हान्स आल्बर्ट आइनस्टाइन यांनी नदीच्या तळाशी वाहणाऱ्या गाळाच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले. १९४२ साली मांडलेल्या आपल्या सूत्रासाठी त्यांनी गिल्बर्ट यांचे आकडे वापरले, आणि पुढे बर्कलीच्याच विद्यापीठात ते प्राध्यापक झाले. भारतातही या शास्त्राची परंपरा जुनी आहे. पुण्याजवळ खडकवासला येथे असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राचा आरंभ १९१६ साली झाला. एखाद्या नदीवर पूल, बंधारा किंवा धरण बांधायचे असले म्हणजे तिची लहान प्रतिकृती तेथील आवारात तयार करतात, तीत पाणी सोडतात आणि काठ कोठे खचतो, गाळ कोठे साचतो, ते आधीच पाहून घेतात.

तरीही एक कोडे पुष्कळ काळ सुटले नव्हते. प्रयोगशाळेत वाळूची नदी तयार केली की ती थोड्याच वेळात फाटे फोडी आणि वेणीसारखी विस्कटून जाई. मैदानातील नद्यांप्रमाणे एकाच पात्रातून डौलदार वळणे घेत राहणे तिला जमत नसे. २००९ साली बर्कलीच्या संशोधकांनी यावर एक साधा उपाय करून पाहिला. त्यांनी आपल्या लहान नदीच्या काठावर लसूणघासाचे बी पेरले. जनावरांच्या वैरणीसाठी महाराष्ट्रातील शेतकरी लावतात तोच हा लसूणघास. त्याच्या कोवळ्या मुळ्यांनी काठाची वाळू धरून ठेवली, सोबत वाहणाऱ्या बारीक गाळाने जुने फाटे बुजवले, आणि ती नदी एका पात्रातून वळणे घेत वाहू लागली. वळणे पुढे सरकली तरी पात्र मोडले नाही. मोठमोठ्या नद्यांची वळणे टिकवण्यात काठच्या गवताचा आणि झाडांचा केवढा वाटा असतो, हे त्या बोटभर उंचीच्या रोपांनी दाखवून दिले.

नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. शास्त्राचे काम त्या म्हणीविरुद्ध चालते. नदी आज असे का वागते, याचे मूळ ते शोधीत जाते, आणि ते मूळ पुष्कळदा दूरच्या डोंगरात, फार वर्षांपूर्वी कोणीतरी निष्काळजीपणे लोटलेल्या मातीत सापडते. गिल्बर्ट यांना नदीचे संपूर्ण सूत्र सापडले नाही. पण आपल्याला नेमके किती कळले आणि कोठून पुढे कळले नाही, ती सीमारेषा त्यांनी प्रामाणिकपणे आखून ठेवली. त्यांच्यामागून येणाऱ्यांना त्याच रेषेपासून पुढे पाऊल टाकता आले.